बहुधा

पुस्तकात एक रेघ आहे.
कमरेच्या हाडाच्या टोकापासून
गुडघ्याच्या वाटीच्या बाहेरच्या कडेपर्यंत.
तिच्या मध्यावर, तीन सेंटिमीटरच्या वर्तुळात,
बहुधा
कातडीकडे येणारी एक बारीक धमनी सापडते.

मिरजेला शिकताना तो शब्द मी कधी अधोरेखित केला नाही.
त्याच्या पुढे धमन्यांची नावं होती,
परीक्षेला तीच यायची.

मल्लेशाम गड्डम, वय अठ्ठावन्न,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात जेकॉर्डचा फिटर.
चाळीस वर्षं गालात ठेवलेली तंबाखूची गोळी
आणि आता गालच ठेवता येणार नव्हता.
आदल्या संध्याकाळी त्याच्या उजव्या मांडीवर
मी निळ्या पेनानं रेघ ओढली, डॉपलर टेकवला.
सूं. सूं. सूं.
"काय ऐकता, म्याडम?"
"तुमचं रक्त."
"आमच्या शेडमध्ये या,
तिथं स्वतःचंबी ऐकू येत नाही."
मग डाव्या मांडीवरही रेघ ओढली
तेव्हा तो जरा वेळ गप्प झाला.
"गाल तर एकच जायचाय ना?"

एप्रिल. बाहेर त्रेचाळीस,
आत एसी कण्हत होता.
डोक्याकडची टीम तिचं काम करत होती.
मी उजवी मांडी उघडली.
कातडी, चरबी, पांढरं चकचकीत आवरण,
दोन स्नायूंमधली फट.
इथून यायला हवी.
वर पाहिलं. खाली पाहिलं.
स्नायूच्या आतून येत असेल म्हणून
तंतू तंतू बाजूला केला.
"पण डॉपलर तर वाजला होता," कुणी म्हणालं.
वाजला होता.
खोलवरची मोठी धमनी वाजली होती,
तिनं वर कातडीला काही धाडलंच नव्हतं.

सिस्टर कुरापतींनी घड्याळाकडे पाहिलं नाही,
म्हणजे नक्कीच पाहिलं होतं.

मला राग आला. फसवल्यासारखं वाटलं.
मग त्या रागाचीच लाज वाटली.
बहुधा हे माझ्या पुस्तकातलं;
त्याच्या आईच्या पोटात
कुणी ते वाचून दाखवलं नव्हतं.

उजवी मांडी शिवून टाकली.
टाक्यांची वीतभर ओळ, कशासाठीच नाही.

आणि डावीत ती होती.
वर्तुळात नाही. चार बोटं वर,
भलत्याच तिरक्या फांदीतून निघून
स्नायूत बुडून, पुन्हा वर येऊन,
एकटीच, दोऱ्याएवढी, ठोके देत.
मी कुणाशी बोलले नाही.
दोन तास तिच्या मागं मागं उगमाकडे गेले,
वाटेतली एकेक बारीक शाखा बांधत,
श्वाससुद्धा तिच्या अंगावर पडू नये असा घेत.
मानेतल्या धमनीला ती जोडली,
केसाहून बारीक दोरा, नऊ टाके.
क्लॅम्प सोडला.
मांडीची फिकी कातडी
गालाच्या जागी हळूहळू गुलाबी झाली.

ऑपरेशनच्या नोंदीत 'विशेष' असा रकाना असतो,
बोटभर रुंद.
एरवी मी तिथं आडवी रेघ मारते.
त्या रात्री कागद उलटा करून
मागच्या बाजूला चित्र काढलं. वाकडंतिकडं.
तसंच होतं ते.

मग दर तासाला सुई टोचायची,
लाल थेंब आला की पुढच्या तासापर्यंत बसायचं.
चौथ्या दिवशी,
गळ्यात नळी, तोंडात शब्द नाही,
त्यानं पाटी मागितली.
आधी तेलुगूत काही लिहिलं, पुसलं.
मग मराठीत:
उजव्या पायात काय नव्हतं?

"एक शीर," मी म्हटलं. "बहुधा असते ती."

तो पाटीकडे बघत बसला.
खडू दोनदा टेकवला, उचलला.
चालत तर होतो.

होता की.
चाळीस वर्षं मागांच्या रांगेतून
त्याच पायांवर फिरत होता,
रक्त आपल्या वाटेनं मांडीपर्यंत येत होतं.
तिथं काही कमी आहे
हे मी शोधायला जाईपर्यंत
कुणालाच ठाऊक नव्हतं,
रक्तालासुद्धा.

पाटी त्याच्याच हातात होती.
मी सुई घेतली,
दहा वाजले होते.